युद्ध संपल्यावरचा प्रश्न

25 मार्च 2020. टाळेबंदीचा पहिलाच दिवस. वाराणसीच्या नागरिकांशी बोलताना पंतप्रधान म्हणाले, महाभारताचं युद्ध 18 दिवसांत जिंकलं गेलं. करोनाविरुद्धचं युद्ध 21 दिवसांत जिंकायचा प्रयत्न आहे. उपमा समजावून सांगावी लागली नाही. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार बघता बघता ‘करोना योद्धे’ झाले आणि 3 मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. पीपीई किट मात्र तेव्हा अनेक ठिकाणी पुरत नव्हते.

गोम इथेच आहे. कामगार कामावर मेला तर मालकाला जाब विचारता येतो. योद्धा पडला तर त्याला मानवंदना देतात.

ही खोड काही आपलीच नाही. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी 1964 मध्ये गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. पुढे व्हिएतनाममधलं खरं युद्ध पैसा गिळत गेलं. 1971 मध्ये निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं आणि त्या लढाईत व्यसनी माणूसच कैदी झाला. युद्ध म्हटलं की शत्रू लागतो, घाई चालते आणि काही माणसं जाणारच, हे आधीच मान्य होऊन बसतं. मराठी घरात दोन जावांचं वाजलं तरी ‘महाभारत झालं’ म्हणतात, तेव्हा कुणी मरत नाही. राज्यकर्ता तेच नाव घेतो तेव्हा मरणाचा हिशेब बदलतो.

मारण्या-मरण्याचा हा परवाना धर्म देतो का, हा प्रश्न विसाव्या शतकात गीतेभोवती जितका घुसळला गेला, तितका क्वचितच दुसऱ्या ग्रंथाभोवती. टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. त्यांनी मीमांसकांची जुनी कसोटी लावली: ग्रंथाचा उपक्रम पाहा, उपसंहार पाहा. लढत नाही म्हणून बसलेला अर्जुन ऐकून घेतल्यावर धनुष्य उचलतो. मग गीता संन्यास शिकवते असं म्हणायचं तरी कसं?

गांधीजींना हे रणांगण माणसाच्या हृदयातलं वाटत होतं. त्यांचा गीतेचा अनुवाद ‘अनासक्तियोग’ 12 मार्च 1930 रोजी, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. पण हृदयात हलवलेलं युद्ध बाहेरच्या युद्धापासून सुटका करतंच असं नाही. 1918 मध्ये हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून इंग्रजांच्या फौजेसाठी शिपाई मिळवत होते. साराबंदीच्या सत्याग्रहात ज्या गावांनी त्यांना फुकट बैलगाड्या दिल्या, तिथे आता भाड्यानेही गाडी मिळेना. अहिंसा सांगणारे तुम्ही आम्हाला हत्यार घ्यायला कसं सांगता, असं शेतकरी तोंडावर विचारत. हे सगळं गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. गीतेवरच्या कितीतरी भाष्यांपेक्षा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न सरळ होता.

विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. शेकडो लोकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि साहेबांना एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते, असा दाखला त्यांनी दिला. अर्जुनाचं तसंच झालं, त्याला हिंसेची शिसारी आली नव्हती, आप्तांचा मोह पडला होता. दाखला बिनतोड वाटतो खरा, पण मोहापोटी बोललेली गोष्ट खोटीच असते असं थोडंच आहे? त्या न्यायाधीशाला मुलामुळे का होईना, फाशी म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं असेल.

डॉ. आंबेडकरांनी कुणाचीच भीड ठेवली नाही. मरतं ते शरीर, आत्मा मरत नाही, हा बचाव खुनाच्या खटल्यात वकील म्हणून कृष्णाने केला असता तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली असती, असं त्यांनी लिहिलं. गीतेवरचं हे अपुरं राहिलेलं लेखन महाराष्ट्र शासनाने त्यांच्या मृत्यूनंतर छापलं.

चौघांच्या वाटा चार दिशांच्या, पण वाद बहुतेक लढाईआधीच्या प्रश्नाचा: लढावं का? गीतेचे 700 श्लोक तिथेच संपतात. महाभारत संपत नाही. व्यासांनी विजेत्यांना रडायला लावलं, हे गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत नोंदवलं होतं. त्या रडण्याकडे जरा जवळून पाहायला हवं.

स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर आकडा सांगतो: 166 कोटी 20 हजार. त्यावर आणखी एक आकडा सांगतो: 24,165 जणांचा पत्ताच लागलेला नाही. पहिला आकडा कवीचा, प्रचंड आणि अशक्य. दुसरा मात्र एखाद्या कारकुनाने वहीत उतरवावा तसा शेवटच्या पाचापर्यंत मोजलेला. राजा जिंकल्यावर बेपत्ता माणसं वेगळी मोजतो, आणि ती मोजणी पुत्र गमावलेल्या शत्रूपुढे ठेवतो. मग अनाथ प्रेतांनाही अग्नी द्यायची व्यवस्था लावतो.

पुढे शांतिपर्वात तो सिंहासनच नको म्हणतो. हा जय त्याला पराजयासारखा वाटतो. अर्जुन, भीम, द्रौपदी, व्यास, कृष्ण, सगळे समजावतात. त्याचं समाधान होत नाही. अखेर त्याला शरशय्येवरच्या भीष्मांकडे नेतात, आणि शांतिपर्व हे महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व होऊन बसतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही सर्वांत मोठं पर्व हेच आहे. लढण्याआधीच्या शंकेला 700 श्लोक पुरले होते. आपण पाठ करायला घेतले ते तेवढेच.

त्याहून गंमत आश्वमेधिक पर्वात आहे. द्वारकेला निघालेल्या कृष्णाला अर्जुन म्हणतो, तू रणांगणावर सांगितलेलं मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण चिडतो. ते सगळं आता मलाही जसंच्या तसं सांगता यायचं नाही, म्हणतो, आणि दुसरंच सांगतो. तीच अनुगीता. तिच्यात एका ब्राह्मणाचा आणि त्याच्या बायकोचा संवाद आहे, मोक्षाची चर्चा आहे. ‘ऊठ, लढ’ नाही.

त्यानंतर अर्जुन यज्ञाच्या घोड्यामागे निघतो. ज्यांचे आप्त कुरुक्षेत्रावर पडले त्या राजांना मारू नकोस, असं युधिष्ठिराने त्याला बजावलेलं असतं. त्रिगर्त देशाचे योद्धे घोडा अडवतात तेव्हा तो आधी त्यांना परत फिरा म्हणून विनवतो. त्रिगर्त ऐकत नाहीत.