ओढगस्तीतील प्रसन्नता

घरात पैशाची चणचण असताना माणसाने आनंदी असावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. असावे, यात विचारावयाचे ते काय, असे कोणीही म्हणेल. उपदेशकांची तर या विषयात पुरातन काळापासून एकवाक्यता आहे. धीर सोडू नये, आहे त्यात समाधान मानावे, हातांस काही उद्योग द्यावा, रात्रीमागून उजाडतेच. असा उपदेश करणाऱ्याचे त्या महिन्याचे वाण्याचे बिल बहुधा चुकते झालेले असते, ही गोष्ट तूर्त सोडून देऊ. आमचा प्रश्न थोडा निराळा आहे. अशा दिवसांत घरात जी प्रसन्नता राखली जाते ती खरी असते, की ते एक गोड असत्य असते? आणि ती राखतो कोण, व कोणाच्या खर्चाने?

सन 2020 च्या टाळेबंदीत हा प्रश्न आमच्या मनात पुन्हा जागा झाला. ज्यांचे वेतन चालू होते अशा घरांत त्या वेळी पाककौशल्यास भर आला, गच्च्यांवर बागा फुलल्या, कित्येकांनी विसरलेली पेटी पुन्हा उघडली. आम्हीही आमच्या जुन्या पुस्तकांस पुठ्ठे बांधीत बसलो आणि त्या उद्योगास मनोधैर्य राखणे असे भारदस्त नाव दिले. त्याच आठवड्यांत मुंबईतून नाशिकच्या रस्त्याने बोचकी डोक्यावर घेतलेली कुटुंबे उत्तरेकडे पायी चालली होती. आमच्या आनंदास त्या दिवसांत काहीच मोल पडले नव्हते. म्हणून त्याने काहीच सिद्ध झाले नाही. ज्या घरातून मिळकतच नाहीशी झाली आहे अशा घरात काय होते, हे पाहावयाचे असेल तर आम्हांस आमच्या लहानपणाकडे वळले पाहिजे. स्वतःच्या घरच्या गोष्टी चारचौघांत सांगणे शिष्टसंमत नाही हे आम्ही जाणतो. तथापि या प्रश्नाचा दुसरा पुरावा आमच्यापाशी नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांतील संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, एका गिरणीच्या हजेरीखात्यात कारकून होते. कारकून मंडळी काही संपावर नव्हती. परंतु साचेच बंद पडल्यावर हजेरी मांडावयाची कोणाची? प्रथम पगार अर्धा झाला आणि पावसाळा लागण्याच्या सुमारास तोही थांबला. आम्ही तेव्हा इयत्ता सहावीत होतो. चाळीतील दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहत होतो. पहाटेचा भोंगा बंद झाल्यामुळे अण्णांची झोप मोडू लागली, हे विपरीत वाटेल. पण ज्यांनी गिरणगावात दिवस काढले आहेत त्यांस त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आईने पहिल्या महिन्यात ज्या गोष्टी केल्या त्या सर्वच गृहिणी करतात. भांड्यांची बाई बंद झाली. तूप सणापुरते आणि साखर चहापुरती उरली. घासलेट वाचविण्यासाठी दोन वेळचा स्वयंपाक एकाच वेळी होऊ लागला. यास काटकसर म्हणतात. हा सद्गुण खरा; परंतु काटकसर म्हणजे निर्मिती नव्हे, आणि या दोहोंची जी गल्लत नित्य केली जाते तीच आमच्या मते पुष्कळशा वैचारिक गोंधळाचे मूळ आहे. त्या वर्षी आईने जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली. विरलेल्या भागावर ठिगळ देणे, थरांवर थर घालून धावदोऱ्याने ते पक्के करणे, हे सर्व गरजेच्या पोटातले. परंतु एका फाटक्या लुगड्याचा तांबडा काठ तिने उसवून ठेविला आणि तो चारी बाजूंनी लावून, कोपऱ्यांवर मुरडून, गोधडीस चौकट केली. थंडीचा त्या काठाशी काही संबंध नव्हता. त्याच्या वाचून गोधडी तितकीच उबदार झाली असती. गरज जेथे संपली तेथून पुढे ती बाई चार हात अधिक गेली. आणि तेही अशा काळात, की जेव्हा गरजच पुरी होत नव्हती! माणसाच्या निर्मितीचा आरंभ आम्ही या काठापाशी मानतो. टंचाई बुद्धीस धार लावते, असे जे म्हणतात ते ठिगळापुरते खरे आहे. काठ कोठून येतो, हे त्याने उलगडत नाही.

त्याच सुमारास आमच्या घरी एक हस्तलिखित मासिक निघू लागले. कागद विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आईने वर्षानुवर्षे जपून ठेविल्या होत्या, त्या दाभणाने टोचून दोऱ्याने शिवल्या की अंक तयार होई. संपादकपद अण्णांस दिले गेले. त्यांनी ते तत्काळ नाकारले. त्यांचे शब्द आम्हांस जसेच्या तसे आठवतात. "समोरच्या खोलीत सकाळपासून स्टोव्ह पेटलेला नाही, आणि आपण कविता लिहायच्या? लाज वाटली पाहिजे." समोरच्या खोलीत सातारा जिल्ह्यातील एक विणकर कुटुंब होते. आईने पोळी लाटता लाटता उत्तर दिले, "अहो, मग त्यांच्या मुलांनाही बोलवा. तीही लिहितील."

वरवर पाहता हे चतुर उत्तर आहे, पण त्याने अण्णांच्या आक्षेपाचे निरसन होत नाही. त्यांचा आक्षेप नीतीचा होता. शेजारी उपाशी असताना आपल्या घरातले हसणे त्याच्या कानी पडणे ही एक प्रकारची क्रूरता नव्हे काय? आणि याहून गंभीर गोष्ट अशी, की घरोघर जर माणसे अशी हसतमुख राहू लागली, तर ज्यांनी वेतन द्यावयाचे त्यांस ते न देण्याची सोयच होणार नाही काय? गरिबांच्या आनंदी वृत्तीची स्तुती जे करतात त्यांचा हिशेब कोणी तरी तपासला पाहिजे. हलाखीच्या दिवसांत बायकांस पापड लाटण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि ते गिरगावातील सात स्त्रियांनी 1959 साली 80 रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाचा दाखला देतात. त्या संस्थेत लाटणारी प्रत्येक बाई मालकीची वाटेकरी आहे, ही त्यातील मुख्य गोष्ट मात्र सांगावयाची राहते.

समोरची मुले आली. त्यांतील थोरली मुलगी मुखपृष्ठावर रांगोळीचे ठिपके काढून वेलबुट्टी भरीत असे. मासिकामुळे त्यांच्या घरचा स्टोव्ह पेटला नाही. आई वाटीभर पीठ पाठवी, तेही आमच्याकडे असले तर. दिवाळीच्या आधी भांडी मोडीत घालून ते कुटुंब गावी निघून गेले. अण्णा बरोबर होते असेच त्या दिवशी आम्हांस वाटले. आणि अंशतः अजूनही वाटते.

आता आशावादाविषयी. त्या वर्षी चाळीच्या जिन्यावर जो भेटे तो दुसऱ्यास सांगे, "या महिन्यात मिटेल." गणपतीत मिटेल, दसऱ्यास मिटेल, अधिवेशनात मिटेल. हा आशावाद म्हणजे एक भाकीत होते आणि ते साफ खोटे ठरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. त्यांच्या जमिनींवर पुढे उंच मनोरे आणि बाजारमहाल उभे राहिले. अण्णांची गिरणी त्यांतलीच एक. आशेला बेडीची उपमा देणारे, आणि तिने बांधलेला मनुष्य धावत सुटतो असा विरोधाभास दाखविणारे एक सुभाषित आमच्या पिढीस शाळेत पाठ करावे लागे. जिन्यावरील ते लोक या अर्थाने खरोखर बद्ध होते.

मग प्रश्न असा, की जे दिवस पालटलेच नाहीत त्या दिवसांतील आमच्या घरचा तो सारा खटाटोप फुकट गेला काय? उत्तर देण्यापूर्वी एका थोर घराकडे पाहू. धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1911 मध्ये गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि त्या वेडाने उत्पन्नाचे साधन नसलेल्या घराचा कारखाना केला. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून ते 1912 च्या आरंभी लंडनास जाऊन यंत्र घेऊन आले. कुंडीतील वाटाण्यास कोंब फुटून त्याचा वेल कसा वाढतो, हे घरच्या घरी टिपून त्यांनी दाखविले, तेव्हा कोठे भांडवल देणारा मिळाला. तेवढ्याने पुरे पडले नाही, म्हणून सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. कच्च्या फितीस काळोखात भोके पाडणे, ती धुणे, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. 3 मे 1913 रोजी कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला, आणि त्या दागिन्यांचे सोने झाले, असे आपण म्हणतो.

म्हणतो खरे, पण कोणत्या आधारावर? चित्रपट पडला असता तर त्याच पतीस आपण बेजबाबदार आणि त्याच पत्नीस भोळी म्हटले असते. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 साली चित्रकार गोगँ याच्या निमित्ताने हाच पेच मांडला. कलेसाठी संसार टाकून दूरच्या बेटावर गेलेल्या माणसाचे समर्थन त्याच्या यशावर अवलंबून राहते, आणि यश तर पुष्कळसे दैवावर. मग नीतीचा निकालही दैवाधीन म्हणावयाचा काय? विल्यम्स यांच्या विवेचनाने आम्ही प्रभावित झालो, समाधान मात्र पावलो नाही. कारण यश तरी कोठवर टिकते? फाळके यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीतच गेले, आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी ते नाशिक येथे वारले, तेव्हा त्यांच्या हाती त्या वैभवातले काही उरले नव्हते. चांगल्या दिवसांवरूनच निकाल द्यावयाचा, तर 1913 चे दिवस धरावयाचे की 1944 चे? आम्हांस वाटते, कुंडीतील त्या वाटाण्याकडे ज्या दिवशी पहिल्या प्रथम यंत्र रोखले गेले, त्या दिवशीच ती कृती आपल्या परीने पूर्ण होती. पुढे काय झाले त्याने तिचे मोल वाढत नाही आणि घटतही नाही. दागिन्यांची गोष्ट वेगळी. ते ऋण आहे. चित्रपट चालला म्हणून ते फिटत नाही, आणि फाळके यांच्या नावामागे सरस्वतीबाईंचे नाव घेण्यास आपण जो विलंब लावला तो त्यात मिळवावा लागेल.

आमच्या घरच्या ऋणाचीही अशीच एक नोंद आहे. आईस पंच्याहत्तरावे लागले तेव्हा नातलगांच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोललो. अशा प्रसंगी जे बोलण्याची रीत आहे तेच बोललो, की आईने आम्हांस त्या दिवसांची झळ कधी जाणवू दिली नाही, ती सदा हसतमुख राहिली. मंडळींनी डोळे पुसले. आईच्या कपाळावर मात्र आठी दिसली. पाने वाढण्यापूर्वी तिने आम्हांस बाजूस घेतले.

"जाणवू दिली नाही कसे? उधारीची वही तूच वाचून दाखवायचास ना, दर पहिल्या तारखेला?"

हे आम्ही सर्वस्वी विसरलो होतो. वाण्याची वही आणून, आकडे मोठ्याने वाचून, मागची बाकी व पुढची बाकी सर्वांस ऐकवावयाची, आणि मग त्याच संध्याकाळी मासिकाचा अंक वाचावयाचा, असा तिचा क्रमच होता. म्हणजे आम्ही ज्यास गोड असत्य समजून इतकी वर्षे गौरवीत आलो, त्यात असत्य नव्हतेच. आकडा उघडा करून झाल्यावाचून ती दोऱ्याला हात लावीत नसे.

"आणि हसतमुख म्हणे!" ती पुढे म्हणाली. "मला तर त्या वर्षभर नुसता राग येत होता. मालकांचा, पुढाऱ्यांचा, तुझ्या अण्णांचासुद्धा. खिडकीशी बसून राहायचे ते. राग अनावर झाला की मी शिवायला घ्यायची."

तांबडा काठ संतापाने लावलेला होता, ही गोष्ट पचविण्यास आम्हांस बराच काळ लागला. नवनिर्मितीस प्रसन्न चित्त लागते असे आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत होतो. त्यानंतर तेवढे वाक्य आम्ही गाळू लागलो.

अण्णांविषयी थोडे सांगावयाचे राहिले. संपादकपद त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. पण तिसऱ्या अंकापासून ते एक लेखमाला लिहू लागले. कापूस गिरणीत आल्यापासून त्याचे कापड होऊन बाहेर पडेपर्यंत काय काय घडते, याचे ते वर्णन होते. गासडी फोडणे, पिंजणे, सूत काढणे, ताण्यास खळ देणे, मग साचेखाते; प्रत्येक अंकात एकेक खाते. हजेरी मांडताना ज्या माणसांची केवळ नावे व क्रमांक त्यांनी वीस वर्षे लिहिले, ती माणसे कोठे उभी राहून काय करीत होती, हे त्या पत्रिकांच्या पाठीवर त्यांच्या सुबक अक्षरांत आले. समोरचा विणकर गावी जाण्यापूर्वी साचेखात्याच्या लेखातील दोन चुका दाखवून गेला, आणि त्या पुढील अंकात दुरुस्त झाल्या. 1983 च्या उन्हाळ्यात अण्णांस एका दुकानात जमाखर्च लिहिण्याचे काम लागले, आणि मासिक बंद पडले. शेवटच्या लेखाखाली 'अपूर्ण' असा शेरा आहे. पुढे कित्येक वर्षांनी आम्ही त्यांस विचारले, "अण्णा, तुम्ही ती माला पुरी का केली नाहीत?"

ते म्हणाले, "घड्या घालून तागे बांधायचेच काय ते राहिले होते. त्यात लिहिण्यासारखे विशेष काही नसते."