बस्तिचिकित्सा आणि दोन मौने

मनुष्य आपल्या शरीराच्या ज्या भागांविषयी चारचौघांत बोलत नाही, त्या भागांच्या दुखण्यांविषयीही तो सहसा बोलत नाही. आणि जे दुखणे बोलले जात नाही, त्याच्या उपचाराविषयी प्रश्न विचारणाराही कोणी उरत नाही. ताप, खोकला, मोडलेले हाड यांची चर्चा आपल्या घरी जेवणाच्या पंगतीत चालते. पण वडीलधाऱ्या माणसास बस्ति चालू आहेत ही गोष्ट शेजाऱ्यांच्या कानी जाऊ नये, अशी दक्षता सुशिक्षित घरांतूनही घेतली जाते. अशा विषयाचा वाङ्मयीन मासिकात विचार करावा काय, अशी शंका काही वाचकांस येईल. आमचे उत्तर असे की, ज्या विषयाबद्दल विचारी माणसे गप्प बसतात, त्याबद्दल बोलण्याचा मक्ता जाहिरातदारांकडे जातो. आणि ‘शरीरशुद्धी’च्या नावाने जे फलक आज गावोगावी झळकतात ते पाहता, तो तसा गेलाच आहे असे म्हणणे भाग पडते.

बस्तीने कोणता रोग किती बरा होतो, हे ठरविण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. तो वैद्यकाचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न नीतीचा आहे. ज्याच्यापुढे मनुष्य आपली लाज बाजूस ठेवतो, त्याने त्या विश्वासाच्या मोबदल्यात काय द्यावे? आणि विश्वास ठेवणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे की नाही?

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतो. बस्ति म्हणजे मूत्राशय. प्राचीन काळी रेडा, हरिण, बोकड अशा जनावरांचा स्वच्छ केलेला मूत्राशय पिशवीसारखा वापरीत, त्यास नळी बांधीत व औषध गुदमार्गाने आत सोडीत. साधनाचे हेच नाव पुढे उपचारास पडले. नळीला ‘नेत्र’ अशी संज्ञा आहे. बस्तीचे मुख्य प्रकार दोन : काढ्याचा तो निरूह किंवा आस्थापन, आणि तेलातुपाचा तो अनुवासन. निरूहासाठी मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि काढा ही द्रव्ये ह्या क्रमाने घोटून एकजीव करतात. आणि दिलेला निरूह एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या, आत बाहेर पडावा अशी अपेक्षा असते. अनुवासन अधिक काळ आत राहिला तरी चालतो. दोन्ही मिळून ८ बस्तींचा योग, १६ चा काल व ३० चा कर्म, असे क्रम सांगितले आहेत. पक्वाशय हे वाताचे मुख्य स्थान, म्हणून वातविकारांत बस्ति हा श्रेष्ठ उपाय, ही ह्यामागील उपपत्ती. बस्ति ही अर्धी चिकित्सा होय, कित्येकांच्या मते तर ती संपूर्ण चिकित्सा होय, असा उल्लेख चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आहे. आज मूत्राशयाची जागा प्लास्टिकची पिशवी, एनिमाचे भांडे आणि रबरी नळी यांनी घेतली आहे. विधी मात्र बहुतांशी जुनाच आहे.

आता ह्या उपचारात रुग्णाची अवस्था कशी असते ती पाहा. त्यास डाव्या कुशीवर निजवितात. डावा पाय सरळ, उजवा दुमडलेला. आधुनिक रुग्णालयातील परिचारिकाही एनिमा देताना रुग्णास ह्याच कुशीवर वळवितात. उपचार करणारा पाठीमागे असतो. नाडी पाहणाऱ्या वैद्याचा चेहरा रुग्णास दिसतो. कडू काढा तो स्वतःच्या हाताने पितो आणि नको वाटल्यास पेला खाली ठेवू शकतो. बस्तीच्या वेळी यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. आत काय जात आहे, किती जात आहे, कोणत्या वेगाने जात आहे, हे त्यास दिसत नाही. आणि संकोचामुळे विचारवतही नाही. रुग्णाचा विश्वास इतका संपूर्ण असलेले उपचार फार थोडे असतील.

चरकसंहितेच्या कर्त्यांस ह्या विश्वासाचे मोल कळले होते, असे तिच्या सिद्धिस्थानावरून स्पष्ट दिसते. तेथे नळीचे ८ दोष सांगितले आहेत, पिशवीचे ८, आणि बस्ति देणाऱ्याचे १०. नळी आखूड असणे, जाड असणे, जुनी किंवा वाकडी असणे. देणाऱ्याचा हात कापणे, नळी तिरपी जाणे, औषधाबरोबर वारा आत शिरणे, फार वेगाने किंवा फार सावकाश दाबणे, अशा गोष्टी एकेक करून मांडल्या आहेत. निरूह चुकल्यास उद्‌भवणाऱ्या १२ व्यापदांचा विचार वेगळ्या अध्यायात केला आहे; पोट फुगणे, उचकी, मस्तकशूल, गुदभागी कातरल्यासारखी वेदना ह्या त्यांतल्या काही होत. निरूह कोणास देऊ नये याची यादी तर बरीच लांब आहे. अजीर्ण झालेला, अतिदुर्बल, तहानभुकेने व्याकूळ झालेला, मधुमेही अशांची नावे तीत आहेत. आणि त्यांच्याच शेजारी रागावलेल्या व भ्यालेल्या माणसाचेही नाव आहे. ह्या शेवटच्या दोन नावांवर आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. मनाची तयारी नसलेल्या शरीरावर हा उपचार करू नये, असे ते शास्त्र सांगते.

त्याच स्थानात बस्तीसाठी कोणते फळ सर्वोत्तम, यावर ऋषींचा वाद आला आहे. प्रत्येक जण आपापल्या फळाची बाजू मांडतो. आत्रेय शेवटी गेळफळास श्रेष्ठत्व देतात. परंतु तत्पूर्वी ते सांगतात की, सर्वथा निर्दोष किंवा सर्वथा निर्गुण असे द्रव्यच जगात नाही, गुण अधिक की दोष अधिक एवढेच पाहावयाचे. आम्हांस वाटते, बस्तिशास्त्राची थोरवी ‘अर्धी चिकित्सा’ ह्या प्रौढीपेक्षा ह्या कबुलीत अधिक आहे. जे शास्त्र आपले अपघात स्वतःच्या हाताने लिहून ठेवते, त्याच्या गुणवर्णनावर विश्वास ठेवण्यास काही आधार मिळतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा विचार केवळ ग्रंथापुरता राहत नाही. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, त्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या तालुक्यांतील अनेक गावे येतात. तेथील भूगर्भातले पाणी खारे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच प्यायले. ह्या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेली माणसे गावोगाव आढळतात. हा विकार मोठा कपटी आहे. तो पुष्कळ वाढेपर्यंत रोग्यास कळत नाही. अशक्तपणा येतो, अन्न नकोसे होते, पायांवर सूज दिसू लागते, आणि माणूस ते सारे वयावर व कष्टांवर लोटून देतो. अशा गावातील एखादा पन्नाशीचा शेतकरी कंबर धरली म्हणून वैद्याकडे गेला, असे समजा. कटिशूल हा वाताचा विकार. त्यावर बस्तीची योजना होणे अगदी शास्त्राला धरून आहे. सुश्रुतसंहितेत निरूहासाठी सैंधव एक अक्ष, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम सांगितले आहे. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. बस्तीतील सर्व सैंधव अंगी लागते असे अर्थात नव्हे. निरूह लवकरच बाहेर पडतो. पण मोठे आतडे पाणी आणि क्षार शोषून घेते, हे शरीरशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो. आकडी आलेल्या मुलास गुदमार्गाने दिलेले औषध रक्तात पोहोचते व आकडी थांबविते. तेव्हा ह्या मार्गाने दिलेल्या द्रव्याचा परिणाम सर्व शरीरावर होऊ शकतो, ही आयुर्वेदाची समजूत हसण्यावारी नेण्याजोगी खास नाही. परंतु ज्या वाटेने गुण जातो, त्याच वाटेने अवगुणही जाणार. सोडियम फॉस्फेटच्या तयार एनिमाविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला, त्यात मूत्रपिंडाचे रोगी विशेष धोक्यात असल्याचे म्हटले होते. ते द्रव्य वेगळे, निरूह वेगळा. तथापि खारपाणपट्ट्यातील माणसास बस्ति देण्यापूर्वी त्याच्या मूत्रपिंडांची चौकशी करणे आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेणे, हा धडा त्यातून कोणाही विवेकी वैद्याने घ्यावा.

येथे ती दोन मौने आड येतात. पहिले रुग्णाचे. तो लघवीविषयी बोलत नाही, शौचाविषयी बोलत नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत हेही वैद्यास वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे मौन दुप्पट होते; कारण त्यांच्या वतीने बहुधा दुसरेच कोणी बोलत असते. हा दोष खेड्यातल्या अडाण्याचाच आहे, असे सुशिक्षितांनी समजू नये. सदैव आजारी कोण असतात, असा प्रश्न अग्निवेशाने त्या सिद्धिस्थानातच विचारला आहे. आणि आत्रेयांनी उत्तरात वेदपाठी ब्राह्मण, राजसेवक, वेश्या व व्यापारी ह्या चौघांची नावे घेतली आहेत. कारण हे की, आपल्या व्यवसायापायी ते वेळेवर जेवत नाहीत आणि मलमूत्रांचे वेग दाबून धरतात. अध्यापक, कचेरीतले नोकर, दुकानदार अशी आजची नावे त्या जागी घातली, तर विधान आजही फारसे बिघडत नाही. शरीराची हाक दाबण्याची आणि मग त्याविषयी बोलण्याची लाज बाळगण्याची सवय आपल्या वर्गाने जितकी जोपासली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी जोपासली असेल.

दुसरे मौन उपचार करणाऱ्याचे, आणि ते अधिक गंभीर आहे. कारण रुग्णाचे मौन लज्जेतून येते, ह्याचे लोभातून किंवा अभिमानातून. शुद्धीचे आठवड्याचे दर सांगणाऱ्या फलकावर व्यापदांसाठी जागा नसते. ज्या ग्रंथाचे नाव घेऊन हा व्यवहार चालतो, त्याची अर्धी पाने फाडून टाकावी आणि उरलेली अर्धी सोन्याच्या अक्षरांत छापावी, तसा हा प्रकार आहे. पुराव्याच्या बाबतीतही तेच घडते. मुंबईतील संशोधकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३२ स्थूल व्यक्तींना १६ बस्तींचा क्रम दिला असता वजन घटल्याचे व रक्तातील दाहाशी संबंधित काही घटकांत बदल झाल्याचे आढळले. असे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. पण ३२ माणसांवरून जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणावे, त्याहून अधिक म्हणू नये, हा प्रामाणिकपणा जाहिरातीस परवडत नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, धोके सांगितल्याने रुग्ण घाबरेल, आणि श्रद्धा गेली की औषधाचा गुणही जाईल. परंतु भ्यालेल्यास निरूह देऊ नये असे शास्त्र म्हणते. भीती आहे की नाही हे विचारल्यावाचून कळावे कसे? न सांगितल्याने भीती जात नाही, ती फक्त वैद्याच्या दृष्टीआड होते. दुसरा आक्षेप असा की, मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टर तरी कोठे सर्व सांगतात? हे पुष्कळ अंशी खरे आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयास रुग्णाच्या खऱ्या संमतीचे नियम डॉक्टरांस समजावून सांगावे लागले. पण एकाचे न्यून दुसऱ्याचा परवाना होत नाही. तिसरा आक्षेप स्वदेशाभिमानाचा : आपल्या विद्येची अशी उलटतपासणी करणे म्हणजे परक्यांची री ओढणे. ज्यांना असे वाटते त्यांनी पश्चिमेकडचा एक दाखला पाहावा. अठराव्या शतकात बुडालेल्या माणसास जिवंत करण्यासाठी गुदमार्गाने तंबाखूचा धूर फुंकण्याची रीत लंडनमध्ये प्रतिष्ठित होती. तिची साधने थेम्स नदीकाठी ठेवलेली असत. १८११ साली बेंजामिन ब्रोडी याने तंबाखूचे विष हृदयावर आघात करते हे प्रयोगाने दाखविले, आणि पुढे ती रीत मागे पडली. तिच्या त्यागाने त्या वैद्यकाची अप्रतिष्ठा झाली नाही. तपासणीची भीती ज्यास वाटते, त्याचा आपल्या विद्येवर आधीच विश्वास उरलेला नसतो.

महात्मा गांधींचा निसर्गोपचारावर केवढा विश्वास होता, हे सर्वश्रुत आहे. एनिमा व मातीची पट्टी यांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. तरीही येरवड्याच्या तुरुंगातून त्यांस पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. तत्पूर्वी श्रीनिवास शास्त्री यांच्या साहाय्याने संमतीचे निवेदन तयार झाले, आणि गांधींनी त्यावर सही केली. शल्यविशारद सरकारचा, रुग्ण त्याच सरकारचा कैदी. तरीही त्या खोलीत काय करावयाचे आहे हे एकाने सांगितले, दुसऱ्याने ते ऐकून होकार दिला, आणि आपल्या मताची मर्यादाही मानली. विश्वासाला ह्याहून अधिक काही लागते, असे आम्हांस वाटत नाही.

तेव्हा वैद्याने बस्ति देण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. रुग्णास विचारावे, आवश्यक ते तपासावे, व्यापदा सांगाव्यात, आणि देऊ नये असे दिसल्यास मिळणाऱ्या पैशाकडे न पाहता नाही म्हणावे. आणि घरच्यांनी एक गोष्ट करावी : पोटाचे, शौचाचे, लघवीचे दुखणे घरातील म्हाताऱ्या आईस किंवा वडिलांस संकोचावाचून सांगता यावे, इतकी मोकळीक त्यांस द्यावी. मुलासुनांनी तोंड फिरविले नाही, तर वैद्यापुढेही त्यांचे तोंड उघडेल. लज्जा हा सद्गुण खरा. पण तिचे काम माणसाची अब्रू राखण्याचे आहे. ती त्याचा रोग राखू लागली, म्हणजे तिला दाराबाहेर थांबण्यास सांगणे हेच धर्माचे होय.