राहतेस कुठे?

‘राहणे’ हे आपल्या भाषेतलं किती सैल क्रियापद आहे, हे भाचीचं प्रकरण सुरू होईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, उपाशी राहतो. बोलायचं राहून जातं, बाईला दिवस राहतात, आणि कुणी गेलं की मागचे राहतात. इतक्या अर्थांचा शब्द घेऊन आपण सुखाने जगतो. कॅनडाच्या कायद्याला मात्र त्यातला एकच अर्थ हवा असतो, आणि तो नेमका कुठला हे तो सांगत नाही.

भाची मिसिसागाला असते. शिकायला गेली, नोकरी लागली, कायम रहिवासी झाली. लग्न इंदूरच्या मुलाशी झालं. नवऱ्याला तिकडे नेण्यासाठी तिने स्पॉन्सर म्हणून अर्ज भरला. (पूर्वी शेजारपाजारचे लोक मुलीला विचारायचे, आता आमच्या जावयाला विचारतात, ‘मग, कधी जाणार?’ तो बिचारा नव्या नवरीसारखा खाली बघतो.) अर्ज गेला आणि दोन महिन्यांनी माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, वडोदऱ्याच्या घरी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कुणी नाही. भाचीने सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागितली, ती मिळालीही. तिकीट काढण्याआधी तिने सल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, दोन-तीन आठवडे जाऊन या, सहा महिने नको.

नियम असा आहे. जोडीदाराला स्पॉन्सर करणारा कायम रहिवासी स्वतः कॅनडात राहत असला पाहिजे, आणि अर्ज भरल्यापासून निर्णय होईपर्यंत ही पात्रता टिकली पाहिजे. छोटा प्रवास चालतो. पण छोटा म्हणजे किती? कायम रहिवासाचा दर्जा टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, नागरिक व्हायला १,०९५. तिथे निदान बोटं मोडून मोजता येतं. इथे आकडाच नाही, नुसतं ‘राहणे’ आहे. आकडा नसला की माणूस आपल्या भीतीने एक आकडा ठरवतो. भाचीचा आकडा एकोणीस निघाला. ती एकोणीस दिवसांसाठी आली.

सुरुवातीला मला नियमाचा राग आला नाही, हे कबूल करायला हवं. घरी माणूस आणायचा तर आपण घरी असावं, यात गैर काय? स्पॉन्सर तीन वर्षांची हमी लिहून देतो की, जोडीदाराच्या अन्नवस्त्रनिवाऱ्याचा भार आपण उचलू, तो सरकारवर पडू देणार नाही. हमी देणाराच तिथे नसेल तर ती वसूल कुणाकडून करायची? शिवाय, जो स्वतः दर्जा गमावण्याच्या बेतात आहे त्याच्या दर्जावर दुसऱ्याला बोलावणं म्हणजे पडक्या भिंतीला माडी चढवणं. हे सगळं पटण्यासारखं आहे.

पटेनासं झालं ते पुढचं कलम कळल्यावर. कॅनडाचा नागरिक परदेशात राहूनही जोडीदारासाठी अर्ज करू शकतो. जोडीदाराला प्रवेश मिळाला की आपणही तिथे जाऊन राहू, एवढं त्याने पटवून द्यायचं. म्हणजे हमी तीच, सरकारवर भार पडण्याची भीती तीच. फरक इतकाच की नागरिकाचा उद्याचा शब्द चालतो आणि रहिवाशाचं आजचं शरीर लागतं. मग हा व्यवस्थेचा प्रश्न उरत नाही. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा तो होतो.

‘मग नागरिकच हो ना,’ मी भाचीला म्हटलं. ती म्हणाली, ‘मावशी, दिवस भरत आलेत. पण मग तुमच्याकडे यायला मला परकी म्हणून कार्ड काढावं लागेल.’ खरंच होतं. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. म्हणजे आईच्या खाटेशेजारी बसून, नवऱ्याजवळ राहून, निर्धास्तपणे त्याच्या कागदांची वाट पाहायची असेल, तर आधी या देशाला परकं व्हायचं. दोन्ही देशांनी आपापल्या जागी सरळ कायदे केले, आणि दोन सरळ रेषांच्या मध्ये माझी भाची अडकली.

या नियमाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद मला जोसेफ कॅरन्स यांच्या विचारात सापडला. टोरांटो विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ‘द एथिक्स ऑफ इमिग्रेशन’ या २०१३च्या पुस्तकात ते मांडतात की, माणूस एखाद्या समाजात राहतो, तिथे नाती जोडतो, त्यातूनच त्याचा त्या समाजावर हक्क तयार होतो. कागद नंतर येतो. हे मानलं तर रहिवाशाचा हक्क राहण्यातूनच जन्मतो, मग राहणं मागितलं तर तक्रार कसली? बरेच दिवस याला मला उत्तर सुचेना.

आता मला असं वाटतं की, या युक्तिवादात ‘राहणे’ जितकं मोठं आहे तितकं नियमात उरत नाही. कॅरन्स म्हणतात ते राहणं म्हणजे आयुष्य कुठे रुजलंय ते. भाचीचं भाड्याचं घर, नोकरीतली जागा, मैत्रिणी, बर्फात घसरायला न होणारे बूट, हे सगळं मिसिसागाला आहे. सहा महिने वडोदऱ्यात आईला उठवलं-बसवलं असतं तरी ते तिथेच राहिलं असतं. आणि आयुष्य जिथे रुजतं तिथे जोडीदार हवा, हा हक्क त्याच रुजण्यातून येतो. हक्काचं मूळ दाखवायचं आणि त्या मुळालाच वाट बघत ठेवायचं, हे मला जमत नाही.

याला जुना इतिहासही आहे. १९०८मध्ये कॅनडाने हुकूम काढला की, मायदेशातून सलग प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश. भारतातून तशी थेट बोट नव्हती. तीच तर त्यातली मेख होती. १९१२मध्ये व्हँकूव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे भाग सिंग आणि बलवंत सिंग आपल्या कुटुंबांना घेऊन परतले. ते दोघे तिथले जुने रहिवासी, म्हणून त्यांना उतरू दिलं. बायकामुलांना परत पाठवायचा हुकूम झाला. बराच झगडा झाल्यावर त्यांना राहू दिलं, पण कृपा म्हणून, पायंडा पडू नये अशा बेताने. बायकामुलांना आणण्याची मोकळीक नियमाने मिळाली ती १९१९मध्ये.

आजचा कायदा त्या कायद्याचा वंशज आहे असं मी म्हणणार नाही. आज भाचीचा अर्ज कुणी तिच्या वर्णावरून अडवत नाही. पण कृपेचा तो वास मला अजून येतो. हक्क असलेला माणूस मध्येच उठून आईकडे जाऊ शकतो. कृपेवर असलेल्याने नजरेसमोर हजर राहायचं असतं.

शेवटी बहिणीकडे राहिला तो जावई. त्याचं काम लॅपटॉपवरचं, इंदुरात काय नि वडोदऱ्यात काय. दोन महिने त्याने सासूला वॉकर धरून अंगणात फिरवलं, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या, आणि रात्री फोन टेबलावर उभा करून तिघं जेवायला बसत. मिसिसागात तेव्हा सकाळ असे. एकदा त्याने संकोचून मला विचारलं, ‘मावशी, लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून कुटुंबासोबतचे फोटो जोडता येतात. आईंचा आणि माझा एखादा काढाल का?’ बहिणीने आधी नको म्हटलं, मग ठेवणीतली साडी काढायला लावली. मी चार फोटो काढले. तिसऱ्यात वॉकर दिसतो, पण दोघंही हसताहेत, म्हणून तोच पाठवला.