टपालात टाकल्याचा पुरावा

एखाद्या लहानमोठ्या संस्थेचे चिटणीसपद ज्यांनी पूर्वी सांभाळले आहे, त्यांना 'यू. पी. सी.' ही तीन अक्षरे आठवत असतील. वार्षिक सभेच्या सूचना पाकिटांत घालायच्या, सभासदांचे पत्ते एका कागदावर उतरवून त्यावर तिकीट लावायचे आणि खिडकीमागील कारकुनाकडून तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. एवढ्याने सूचना 'पाठविली' हे दाखविता येई. ती पोहोचली की नाही, हा प्रश्न वेगळा. पाकिटात सूचना होती की कोरा कागद, हे शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक नसे. आणि कचेरीत त्याची नोंदही राहत नसे. टपाल खात्याने ही सोय २०११ मध्ये बंद केली, पण तिची पत त्याआधीच उतरली होती. असे शिक्के केव्हाही मिळविणे कठीण नाही, अशा आशयाचा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या एका निकालात दिला होता. कारकून भिडेखातर मागली तारीख देऊ लागला, की शिक्क्याला अर्थ उरत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'होय'ला साक्षीचे मोल असते.

मुळात 'पाठविणे' ही क्रिया पूर्ण केव्हा होते? १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील चौथे कलम याचे मार्मिक उत्तर देते. स्वीकृतीचे पत्र परत घेणे स्वीकारणाऱ्याच्या हाती राहणार नाही अशा रीतीने ते मार्गस्थ झाले, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. या विचाराचे मूळ १८१८ च्या एका इंग्रजी खटल्यात, ॲडम्स विरुद्ध लिंडसेलमध्ये, आहे. लोकर विकणाऱ्याने आपल्या पत्रावर पत्ता चुकीचा घातला. ते उशिरा पोहोचले. घेणाऱ्याने त्याच दिवशी होकार टपालात टाकला, पण तो हाती पडण्याच्या आदल्या दिवशीच विकणाऱ्याने लोकर दुसऱ्याला देऊन टाकली होती. न्यायालयाने कौल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. पाठविणे म्हणजे हातातून सोडणे, असा याचा सरळ अर्थ.

आज त्याच इंग्लंडात पार्सल पाठविणाऱ्याने स्वतःच बारकोड स्कॅन करावा, अशी रीत रूढ होत आहे. फोनवर स्कॅन करून मग पार्सल पेटीत टाकावयाचे असेल, तर एक गोष्ट सहज निसटते: स्कॅन होते त्या क्षणी पार्सल अजून आपल्याच हातात असते. नोंद आधी, सोडणे नंतर. अशा पावतीतून हेतू दिसतो, कृती दिसत नाही. रॉयल मेलने २०२५ मध्ये हर्टफर्डशायरमधील वेअर व हर्टफर्ड आदी ठिकाणी सूर्यशक्तीवर चालणाऱ्या पेट्या बसविल्या. त्यांच्यात बारकोड वाचला गेला, की मगच खण उघडतो. ही युक्ती मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण तीत नोंद आणि कृती यांमधले अंतर जवळजवळ मिटते. आत वीट टाकली काय नि पुस्तक टाकले काय, यंत्राला कळत नाही हे खरे. पण कारकुनाला तरी कोठे कळत होते?

माझी शंका निराळी आहे. यू. पी. सी.चा कागद पाठविणाऱ्याजवळ राही. आता मूळ नोंद वाहून नेणाऱ्याच्या यंत्रात राहते. पार्सल हरवले, तर जबाबदार ठरण्याची शक्यता ज्याची, पुराव्याचा रखवालदारही तोच. शिवाय साक्षीदाराचे काम आता पाठविणाऱ्यावर आले आहे आणि त्यासोबत त्यातले सारे अपयशही: चुरगळलेला बारकोड, पावसात भिजलेली काच, संपलेली बॅटरी, मोतीबिंदू झालेले डोळे. खिडकीमागचा माणूस कितीही तुसडा असला, तरी "आजी, पिनकोड राहिला" एवढे तो सांगत असे.

अशा स्कॅनिंगला माझा विरोध नाही. रांगेत अर्धा तास उभे राहण्यात कोणतीही थोर नीती नाही. पण कारकून हटविण्याचा लाभ ज्याने घेतला, त्यानेच नोंद न उमटल्याच्या संशयाचाही भार वाहावा, असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक लबाड 'यंत्र बिघडले होते' असेच सांगेल. सांगेल खरा, आणि त्याची किंमत टपालाच्या वाढीव दरातून तुम्हाआम्हाला मोजावी लागेल. तरीही मी ती मोजेन.

समजा, तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी आजीने वसतिगृहातल्या नातवासाठी चकल्यांचा डबा असाच टाकला. फोनवर पावती उमटली नाही, आणि डबाही पोहोचला नाही. कंपनीच्या माणसासमोर नोंदींच्या तक्त्यातली एक रिकामी जागा आहे आणि तिचे एक वाक्य आहे: "अहो, मी टाकला." त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावण्याचा अधिकार आज त्या माणसाकडे आहे, आणि खण उघडला तेव्हा तो तेथे नव्हता.