कृतज्ञता आणि सुटकेचा निःश्वास

दुसऱ्याचे हाल पाहिले की आपण मनाशी म्हणतो, 'देवाने आपल्याला सुखात ठेवले.' या भावनेला आपण कृतज्ञता म्हणतो. परंतु बहुधा तो केवळ सुटकेचा निःश्वास असतो.

हा भेद आम्हाला गंगूबाई हनगल यांच्या एका आठवणीने शिकविला. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. धारवाडच्या या अकरा वर्षांच्या मुलीला गाण्याची धास्ती नव्हती. जेवणानंतर आपल्याला उष्टी पाने उचलायला तर सांगणार नाहीत ना, ही होती. जातीने तिला एवढे शिकविलेच होते. पुढे हीच मुलगी हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांपाशी शिकली आणि किराणा घराण्याचे भूषण ठरली.

'आपल्यावर ती वेळ आली नाही' एवढे म्हणून आम्हाला थांबता येईना. ज्या पंक्तींचे तिला भय होते, तशा पंक्तींत मानाने बसणारी घरे आमच्यासारख्यांचीच होती. आणि तिच्या गाण्याचा आनंदही आम्हीच लुटला.

म्हणून कृतज्ञता म्हणजे स्वतःचे भाग्य मोजणे नव्हे. ज्याने आपल्याला दिले, त्याला काय सोसावे लागले आणि त्यात आपला वाटा किती, हे मान्य करणे होय. २००९ साली हुबळीत गंगूबाई गेल्या. मागे नेत्रदान करून गेल्या. त्या दानात घेणाऱ्याची जात विचारीत नाहीत. आपल्या घरची उष्टी भांडी आज जी घासते, तिची विचारपूस तरी आपण करतो काय?