मूळ फाइल आणि तिचा प्रतिनिधी

रायपूरला चित्रित झालेला छत्तीसगढी सिनेमा पुढच्या संस्कारांसाठी मुंबईला पाठवायचा, तर मध्ये सुमारे अकराशे किलोमीटर असतात. ५०० जीबीचे चित्रण १०० एमबीपीएसने अखंड चढवले तरी अकरा तास लागतात. वेग २० एमबीपीएस असेल तर दोन दिवसांहून अधिक. वेगवान जोडणी महाग पडते. मग एक जुना प्रश्न उभा राहतो: मुळाऐवजी दुसरे काही कुठवर चालते?

पूर्वमीमांसा या वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने तो यज्ञाच्या निमित्ताने सोडवला आहे. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायानुसार व्रीही, म्हणजे साळी, न मिळाल्यास नीवार हा रानतांदूळ चालतो, कारण साळीचे अवयव त्यात जास्तीत जास्त सापडतात. देवता, अग्नी आणि मंत्र यांना मात्र प्रतिनिधी नाही. शिवाय नीवार घेतला तरी मंत्रातला व्रीही शब्द बदलत नाहीत.

संकलनातली प्रॉक्सी फाइल नेमकी अशीच चालते. चित्रणाच्या हलक्या प्रती पाठवतात, पण फाइलचे नाव आणि टाइमकोड मुळाचेच ठेवतात. संकलकाकडून परत येते ती कटांची छोटीशी यादी; ती रायपुरातल्या मूळ चित्रणावर बसवली जाते. नाव बदलले की सांधा निखळला.

कोण मुख्य आणि कोण प्रतिनिधी, हे विधीवर ठरते. छत्तीसगढात कमरछठच्या उपासाला नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य असते. बायका न नांगरता उगवलेला पसहर तांदूळच खातात. तिथे शेतातली उत्तम साळीही कामाची नाही. तसेच ध्वनिमिश्रकाला ओठ हलताना दिसतील एवढे चित्र पुरते, आवाज मात्र असंपीडित वेव्ह फाइलमध्येच हवा. रंगसंस्कारासाठी उलट मूळ चित्रणच लागते. तिथली काटकसर पडद्यावर दिसते.

मूळच पाठवणे भाग असेल तेव्हा कुरियरने हार्ड डिस्क धाडणे बहुधा स्वस्त पडते. १९६५च्या ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाच्या काळात निगेटिव्ह एकच असे आणि प्रतीगणिक प्रतिमा थोडी उतरत असे. डिजिटल प्रत उतरत नाही. मग ती मूळच म्हणायची का? मीमांसकांच्या मते वर्ण, म्हणजे अक्षराचा ध्वनी, नित्य आहे. ‘ग’ कितीदाही उच्चारला तरी तोच. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांच्या, मते प्रत्येक ‘ग’ नवा, आधीच्यासारखा. दोन्ही टोकांचे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळले की पारडे मीमांसकांकडे झुकते. बिघडते मात्र एक विशिष्ट डिस्क, आणि तेवढ्यापुरते नैयायिकच खरे. म्हणून चेकसम जुळल्यावरही रायपूरची प्रत पुसत नाहीत. पुढच्या फेऱ्यांत आरसिंकसारख्या मोफत साधनाने फक्त बदललेला भाग पाठवला तरी भागते.