वाहनावर चढविणारा हात

एखाद्याला वाहनावर चढण्यास मदत करणे, त्याचे सामान वर उचलून देणे हादेखील सदका आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तेव्हा वाहन उंट-घोड्याचे होते. आज खेड्यातील अपंग बांधवापुढे एसटीच्या उंच पायऱ्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याच्यासाठी प्रवास सुगम करणे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. ते पूर्ण व्हावे म्हणून आपण आग्रह धरावा. परंतु तोवर आपला हात तरी आखडता नसावा. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्यासाठी सूरह ‘अबस’ अवतरली. राखीव आसनावर निवांत बसलेल्या आपण हे विसरू नये. अल्लाह आपणास ही सद्‌बुद्धी देवो. आमीन.